गोड्या पाण्याने धुतलेला सॅक्सोफोन

या, असे जवळ या. मागे खांबाला टेकून बसलेल्यांनीही पुढे सरकावं, सतरंजी मोठी आहे. कीर्तनाला बसतो तसे मांडीला मांडी लावून बसलात तर सांगायला बरं वाटेल. गोष्ट देवाची नाही, एका सॅक्सोफोनची आहे. पण तिच्यात कीर्तनही आहे, आणि माझी एक चूकही आहे. ती आजवर मी चारचौघांत सांगितलेली नाही. आज सांगतो.

मी बाळाराम. मुरुडच्या अलीकडे आमचा कोळीवाडा. चाळीस वर्षं लग्नाच्या बँडात सॅक्सोफोन वाजवला, आणि ज्या दिवशी वरातीची सुपारी नसेल त्या दिवशी जिथे कीर्तन असेल तिथे जाऊन बसलो. कुठे आहे, कोण बुवा आहेत, परतीची गाडी आहे का, असलं काही मी विचारत नाही. पखवाजावर थाप पडली की माझे पाय आपोआप तिकडे वळतात. बायको म्हणायची, ह्यांना ताटात मासळी नसली तरी चालेल, कानात कीर्तन पाहिजे.

बँडात माझ्या शेजारी येसाजी उभा राहायचा. वाजवायला मला त्यानेच शिकवलं. आमची वाद्यं बँडमालकाची, पण त्याचा सॅक्सोफोन त्याचा स्वतःचा होता. लग्नसराईत तो वरातीत वाजायचा आणि एरवी देवळात. कीर्तन उभं राहण्याआधी येसाजी त्यावर विठ्ठलनामाचा गजर वाजवायचा, तेव्हा पेटीवाला आपणहून हात आखडता घ्यायचा. गजर वरून सुरू व्हायचा, हळूहळू उतरायचा आणि शेवटी इतक्या खालच्या सुरावर टेकायचा की खालची सतरंजी थरथरल्यासारखी वाटायची. तो खालचा सूर ऐकायला माणसं वेळेवर यायची. नाहीतर कीर्तनाला वेळेवर कोण येतं!

गेल्या वर्षीच्या माघात येसाजी गेला. मागे बायको रखमावहिनी, मुलगा कान्हा आणि सून सुचिता. कान्हा पन्नाशीचा. स्वतःच्या होडीचा तांडेल, खलाशांचा म्होरक्या. बंद पडलेलं इंजिन नुसतं कान लावून ओळखतो, काय दुखतंय ते. पण बापाच्या सॅक्सोफोनला उभ्या आयुष्यात त्याने कधी हात लावला नव्हता. ते वाद्य पलंगाखाली पेटीत पडून राहिलं.

दिवाळीच्या तोंडावर मुरुडच्या एका लॉजचा मालक, भावेश, त्यांच्याकडे सुरमई न्यायला आला. त्याला ती पेटी दिसली, त्याने उघडून बघितली.

"आजी, हे मला द्या ना. आमच्या काउंटरच्या मागे भिंतीवर लावतो. ह्या भोंग्यात पिवळा बल्ब सोडतो. काय दिसेल!"

सुचिताला पलंगाखालची जागा हवीच होती. रखमावहिनी सुपातले तांदूळ निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "ह्यांच्या वर्षाच्या कीर्तनाला गजर ह्याच्यावर वाजला पाहिजे. आन् वाजवायचा तो कान्हानं. वाजला तर घरात राहील. न्हाय वाजला तर ने, बल्ब लाव न्हायतर काय बी लाव. मुकं वाद्य बघत मी बसणार न्हाय."

तुम्ही म्हणाल, बाळाराम होता ना वाजवायला. होता. पण सॅक्सोफोनचा माउथपीस वरच्या दातांखाली धरावा लागतो, आणि माझे वरचे दात दोन वर्षांपूर्वीच गेले. कवळी लावून एकदा करून बघितलं. पहिल्याच फुंकेला माउथपीस आणि कवळी जोडीने बाहेर आली. तेव्हा वाजवणं संपलं, तोंडाने सांगणं तेवढं उरलं.

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी कान्हा पेटी घेऊन माझ्या ओटीवर हजर. पेटी उघडायच्या आधीच पहिला प्रश्न.

"काका, ह्याला बटणं किती हाईत?"

"मोजली न्हाईत."

"चाळीस वर्षं वाजवलंत आन् मोजली न्हाईत?"

"तू बायकोचे केस मोजलेस काय? बोटं नऊ लागतात. दहावं, उजव्या हाताचा अंगठा, तो नुसता आधाराला. बस खाली."

तो बसला. "किती दिसांत येईल? मोबाइलवर एक माणूस सांगतो, एकवीस दिवसांत."

"मग कीर्तनाला त्यालाच बोलव."

मी मूळचा असा नाही हो. देवळात नव्या टाळकऱ्याला मी स्वतः टाळ कसा धरायचा ते दाखवतो, बोटांना फडकं गुंडाळून देतो. पण कान्हाने मला मेटाकुटीला आणलं. माणूस रात्री मोबाइल बघायचा, पहाटे दर्यावर जायचा, तिथे विचार करायचा आणि दुपारी ते सगळं माझ्या अंगावर ओतायचा. हे वाद्य पितळेचं, मग मोबाइलवाला ह्याला लाकडी वाद्यांत का मोजतो? मी सांगितलं, बाबा, धातू बघू नकोस, आवाज कुठे जन्मतो ते बघ. ही जी पातळ पत्ती माउथपीसला बांधतोस, तिला रीड म्हणतात. बोरूसारख्या काडीची असते. ती थरथरते तेव्हा आवाज होतो. सनईचंच दूरचं नातं. हे ऐकून त्याने मान डोलावली आणि रीड उलटी, वरच्या बाजूला बांधून फुंकायला लागला.

"खाली! खालच्या ओठाकडे! आणि आधी तोंडात धरून ओली कर."

"किती वेळ?"

"मी गप्प बसेपर्यंत."

फुंकायला लागला की त्याचे गाल जाळ्यात सापडलेल्या केंड माशासारखे टम्म फुगायचे. मी त्याच्या गालांवर बोटं दाबून बसायचो. खालचा ओठ दातांवर किंचित आत घे, वरचे दात माउथपीसवर टेकव, कडेने हवा सुटू देऊ नकोस, श्वास पोटातून काढ. हे मी एवढ्या वेळा सांगितलं की माझ्या नातीला पाठ झालं. तरी वाद्य किंचाळायचंच.

"काका, ह्ये असं वरडतं का?"

"तू चावतोस म्हणून. तोंडात धरायचंय, सुकट खायची न्हाय."

"आन् खालून पाणी टपकतंय. भोक पडलंय काय?"

"तुझ्याच तोंडाची वाफ आहे ती. वाजवून झालं की फडकं फिरव आतून."

एकदा शेजारची वाजवायची पेटी आणून त्याने तिच्यावर सा दाबला, मग सॅक्सोफोनवर मोबाइलवाल्याने सांगितलेला सा वाजवला आणि चोर पकडल्यासारखा माझ्याकडे बघायला लागला. "जुळत न्हाय काका. बिघडलंय."

"बिघडलं न्हाय. प्रत्येक सॅक्सोफोन आपल्या पट्टीतला असतो. तुझ्या डाव्या हाताची तीन बोटं खाली ठेव आणि फुंक. हा बघ, पेटीवर हा काळी पाचचा सूर. ह्याला आपण सा म्हणू. एक बोट उचल, रे. दुसरं उचल, ग. तुझ्या बापाने मला पहिल्या दिवशी हेच तीन सूर दिले."

"काळी पाचच का?"

त्यावर मी उठून आत पाणी प्यायला गेलो. घोटभर प्यायचं होतं, तांब्या रिकामा केला.

मार्गशीर्ष संपेपर्यंत सूर लागायला लागले. मोडके, पण लागले. आता घरच्यांची सहनशक्ती संपली. सुचिता येऊन म्हणाली, "काका, शेजारीण विचारून गेली, घरात कोण रडतंय? सासूबाई गेल्या काय? सासूबाई माझ्या शेजारीच बसलेल्या!"

मी कान्हाला सांगितलं, उद्यापासून किनाऱ्यावर जा, होडीत बसून वाजव. दर्याला कितीही बेसूर ऐकव, तो तक्रार करणार नाही. त्याला ते पटलं. रोज उन्हं उतरली की होडीतून गजराचे तुकडे यायला लागले. वरचे तीन सूर धड, खालचे धडपडत. आणि एकदा, एकदाच, तो शेवटचा खालचा सूर आला. मी ओटीवर टाळ पुसत होतो. हातातला टाळ तसाच राहिला. वाटलं, जमतंय.

वर्षाच्या कीर्तनाला आठ दिवस उरले असतील. शेजारच्या गावी प्राप्तीताईंचं कीर्तन होतं. माणगावच्या ह्या बाई. वय लहान, पण अधिकार मोठा. येसाजीच्या कीर्तनालाही आम्ही त्यांनाच सांगितलं होतं. मी टाळाची पिशवी घेऊन थांब्यावर उभा. वळणावर एसटी दिसली, आणि मागून हाक. कान्हा, गुडघ्यापर्यंत वाळूने भरलेला, धावत येतोय.

"काका, एकच विचारायचंय."

"उद्या विचार."

"न्हाय, आताच. किनाऱ्यावर खारा वारा लागतो. बटणांवर पांढरं दिसायला लागलंय. ह्याला काय करू?"

एसटी थांबली होती. कंडक्टर दार धरून माझ्याकडे बघत होता.

"तुझ्या इंजिनाला काय करतोस?"

"दर्यावरनं आलो की गोड्या पाण्यानं धुतो. मग ग्रीस मारतो."

"मग तेच कर! पण माझी एसटी चुकवू नको!"

आणि मी चढलो. पुढची जागाही मिळाली. त्या दिवशी प्राप्तीताईंनी काय निरूपण केलं म्हणता? शिष्याने तोच तोच प्रश्न सात वेळा विचारला आणि गुरूने सातही वेळा, पहिल्यांदाच ऐकल्यासारखं, उत्तर दिलं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. शेजारच्याला मी म्हटलंसुद्धा, काय रसाळ बोलतात बघा.

त्यानंतर कान्हाला वाऱ्यामुळे दर्यावर जास्त दिवस लागले. तो आला तो थेट कीर्तनाच्या दोन दिवस आधी. सॅक्सोफोन पेटीतून काढला तेव्हा माझे डोळे दिपले. नवीकोरी थाळी असावी तसा लखलखत होता.

"कसा केलाय?" कान्हा म्हणाला.

मी एक बटण दाबलं. ते दाबलेलंच राहिलं. दुसरं सोडलं तर चिकट आवाज करत वर आलं. बोटाला पिवळं ग्रीस. खालची झाकणं उचलून बघितली. झाकणाच्या आत चामड्याची गादी असते, तिला पॅड म्हणतात. ती भोकावर नीट बसली तरच सूर निघतो. खालच्या सगळ्या गाद्या चहात बुडवलेल्या पावासारख्या फुगलेल्या. "वाजव," मी म्हटलं. त्याने खालचा सूर धरला. फस्स. सायकलची हवा गेल्यासारखं.

मग मी जे बोललो ते इथे सांगत नाही. गळ्यात तुळशीची माळ आहे. एवढंच सांगतो की गल्लीतली कुत्री उठून गेली. तुझ्या बापाने चाळीस वर्षं जपलेलं वाद्य, आणि तू ते होडीच्या इंजिनासारखं धुतलंस? डोकं आहे का खोबरेल तेलाचा डबा?

माझा दम संपल्यावर कान्हा म्हणाला, "काका, तुमीच म्हनालात. तेच कर, म्हनून. त्याच दिशी दोन बादल्या गोडं पाणी भोंग्यातून वतलं. मग उन्हात ठेवला, मग ग्रीस."

आणि मला वळणावरची एसटी दिसली. दार धरून उभा असलेला कंडक्टर दिसला. माझी पुढची जागाही दिसली.

मी उठलो आणि रखमावहिनींकडे गेलो. त्या ओट्यावर बसल्या होत्या. म्हटलं, "वहिनी, वाद्य बिघडलं. कान्हाने न्हाय, मी बिघडवलं." सगळं सांगितलं. एसटीसकट सांगितलं.

त्यांनी ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

"भावोजी, तुमी पहिल्या दिशी आमच्याकडं आलात, आठवतंय काय? हे जेवायला बसणार, तेवढ्यात तुमी विचारलंत, येसाजीदादा, ह्याला बटणं किती?"

"मी?"

"मग काय मी? हे म्हनाले, मला बी ठावं न्हाय, चल मोजू. दोघं मोजत बसलात. ह्यांचा आकडा येगळा, तुमचा येगळा. पुन्हा मोजलीत. माझा भात करपला. त्या साली तुमी लई प्रश्न विचारलेत. एक दिस तर रीड ओली झाली म्हनून चुलीवर धरलीत. ह्यांनी जळका भाग कापला आन् म्हनाले, आता अशी बी वाजते का बघू."

मला ह्यातलं काहीच आठवत नव्हतं. चुलीवर धरलेली रीडसुद्धा. माणूस किती सोयीने विसरतो!

"गजराचं काय?" मी विचारलं.

"ते तुमी बघा. मी बोलले ते बोलले."

मी तसाच किनाऱ्यावर गेलो. कान्हा होडीत पाय सोडून बसला होता, सॅक्सोफोन मांडीवर. मी होडीत चढलो. गुडघ्याने कुरकुर केली, ती ऐकून घेतली. म्हटलं, "चल, काय जिवंत आहे ते बघू. आणि तुला जे विचारायचं असेल ते विचार."

त्याने माझ्याकडे बघितलं. खरंच विचारू का, असं बघितलं. मग विचारलं, "पाणी वतलं ते खालच्या वळणात साचलं असेल ना? मग वरच्या गाद्या भिजल्या का न्हाय?"

खरं सांगतो, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. इंजिनवाल्याच्या डोक्यात आलं. आम्ही जुनी मऊ साडी फाडून एकेक झाकण पुसलं, ग्रीस काढलं. सुचिताने साडी दिली, "निदान आता तरी आवाज कमी येईल ना?" असं विचारत दिली. वरच्या गाद्या शाबूत होत्या. कान्हाने डाव्या हाताची तीन बोटं ठेवली आणि फुंकलं. सा. एक उचललं, रे. दुसरं, ग. तीनही सूर स्वच्छ. त्याखाली सगळं फस्स.

"तीन सुरांत गजर होतो का, काका?"

"अर्धा होतो. उतरतो तिथे तू थांब."

"मग खालचं कोण वाजवणार?"

हा एक प्रश्न मात्र त्याने बरोबर माणसाला विचारला होता. चाळीस वर्षं मी कीर्तनात टाळकऱ्यांच्या ओळीत बसलोय. बुवा वरची ओळ म्हणतात आणि खालची आम्ही उचलतो, ही आमची रोजचीच कामगिरी.

शनिवारी चार वाजता येसाजीच्या दारातल्या मांडवात कीर्तन उभं राहिलं. भावेशही आला होता. मोठी कापडी पिशवी घडी करून काखेत. प्राप्तीताईंना मी आधीच सांगून ठेवलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "माझी पट्टी काळी पाच. त्याला जमेल?"

"ताई, त्याला तेवढंच जमतं."

त्या हसल्या. "मग धरा, माऊली."

कान्हा उभा राहिला. गळ्यातला पट्टा नीट केला, रीड ओली केली. पहिली फुंक. किंचाळलं! मांडवात पोरं खिदळली. रखमावहिनी पुढे बसल्या होत्या, त्या हलल्या नाहीत.

"चावू नको," मी टाळाआडून म्हटलं.

त्याने डोळे मिटले. दुसऱ्या फुंकेला ग आला, मग रे, मग सा. विठ्ठल, विठ्ठल, विठ्ठल. गाल फुगले नाहीत. पखवाज हळूच आत आला. सूर उतरणीला लागला, आणि जिथे येसाजी खाली जायचा तिथे कान्हाने माउथपीस तोंडातून काढला. तेव्हा आम्ही अकरा म्हाताऱ्यांनी, दात असलेल्यांनी आणि नसलेल्यांनी, छातीतून तो खालचा सूर उचलला. सतरंजी थरथरली की नाही ते मला सांगता येणार नाही.

पुन्हा वर तो, खाली आम्ही. असं पाच वेळा झालं. प्राप्तीताई पुढच्या अभंगाला हात घालणार, तोच रखमावहिनी म्हणाल्या, "आन् एकदा." मग सहाव्यांदा.

कीर्तन संपलं, बुंदी वाटून झाली. भावेश पिशवी उलगडत वहिनींजवळ आला. "आजी, मग? हे न्यायचं का? पूर्ण काही वाजला नाही."

"अर्धा वाजला," रखमावहिनी म्हणाल्या. "अर्धा पुढल्या वर्षी वाजल. तवर घरात राहील. पिशवीत पाहिजे तर बुंदी ने."

आता कान्हा मांडवा बंदरातून बोटीने मुंबईला जाणार आहे, गाद्या बदलून आणायला. कुठल्या गाद्या, किती, कुठल्या चामड्याच्या, बसवायच्या कशाने, हे सगळं त्याने मला आतापासून विचारायला सुरुवात केली आहे. मला वैताग येतो. खोटं कशाला बोलू, रोज येतो. माळ हातात धरून उत्तर देतो, म्हणजे हाताला दुसरं काही करायला सुचत नाही.

पण मांडव सोडायच्या वेळची गोष्ट राहिली. मी टाळ गुंडाळत होतो. भावेश सॅक्सोफोनपाशी रेंगाळला, एक बटण दाबून बघितलं, मग म्हणाला, "काका, याला बटणं किती असतात हो?"

शेवटची एसटी साडेसातची होती आणि मला पलीकडच्या गावात भजनाला पोचायचं होतं. मी टाळ खाली ठेवला. म्हटलं, "मला बी ठावं न्हाय. बस, मोजू."

आमचा आकडा जुळला नाही.

एवढीच गोष्ट. उठताना माझं एक ऐका. कुठे वरात जाताना सॅक्सोफोन कानावर पडला, किंवा कुणी नवशिका तुमच्या पुढ्यात येऊन वेड्यासारखं काही विचारायला लागला, तर क्षणभर थांबा आणि आमच्या येसाजीची आठवण काढा. त्याचा भात करपला होता, तरी तो मोजत बसला होता.